आठ ते अकरा मिनिटं चालणारा जनरेटर

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या जनरेटरमध्ये जुनं असं फारसं काही उरलंच नव्हतं. प्लग नवा, एअर फिल्टर नवा, पेट्रोलचा फिल्टर नवा, पंप नवा, आणि शेवटचा उपाय म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा अख्खा कार्ब्युरेटरच नवा. तक्रार मात्र पहिल्या दिवसाचीच. पहिल्या सेल्फला सुरू होतो, छान चालतो, मग धापा टाकायला लागतो आणि बंद पडतो. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्या सेल्फला सुरू.

गाडी म्हणजे मोटरहोम, आत राहायची सोय असलेली, चौदा वर्षांची. जनरेटर ४ किलोवॅटचा, पेट्रोलवरचा, गाडीच्याच मुख्य टाकीतून पेट्रोल घेणारा, २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेलं. ६० हर्ट्झच्या मशीनला तेच ३६०० लागतात, बाकी प्रकरण तसंच्या तसं राहतं.

मालक स्वतः हाताने काम करणारे. पार्ट त्यांनीच एकेक करून बदलले होते आणि बदलताना हयगय केलेली नव्हती. त्यांची चूक एवढीच, की प्रत्येक पार्ट संशयावरून बदलला, तपासून नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. रस्त्यावर, उकाड्यात, एसी बंद पडलेला असताना माणूस जे मिळेल ते बदलतो.

मी विचारलं, "दादा, बंद पडतो म्हणजे नेमका कसा पडतो?"

"बंद पडतो म्हणजे बंद पडतो."

इथेच निम्मं निदान अडतं. स्टार्टचं बटण दाबून ठेवलंय तोवर इंजिन चालतं आणि बोट उचललं की मेलं, तर पेट्रोलकडे बघायचंच नाही. तिथे कंट्रोल बोर्डाला इंजिन चालू असल्याची खूण मिळत नसते, म्हणजे ऑइल प्रेशर, वीजनिर्मिती किंवा बोर्ड स्वतः. चालता चालता कुणी चावी फिरवल्यासारखं खटकन थांबलं, तर बहुतेक वेळा वीज तुटलेली असते. आणि आधी आवाज वर-खाली होऊन, धडपडून मग थांबलं, तर इंजिन उपाशी आहे. जनरेटर सेटच्या बटणावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा कोड सांगतो, तो मी पाहिला. पुस्तकातला अर्थ होता: बंद करायला सांगितलेलं नसताना इंजिन थांबलं. तेवढं आम्हालाही माहीत होतं.

खरी मदत झाली ती वहिनींच्या वहीची. त्या गाडीतल्या खर्चाची वही ठेवतात आणि तिच्या मागच्या पानांवर त्यांनी जनरेटर किती वाजता सुरू केला, किती वाजता पडला, हे लिहून ठेवलं होतं. नऊ मिनिटं. अकरा. आठ. पुन्हा नऊ. मध्येच एक नोंद पन्नास मिनिटांची, आणि तीसुद्धा हातानेच बंद केल्याची. शेजारी शेरा होता, 'आज बरा होता.'

"त्या दिवशी एसी चालू होता का, वहिनी?"

त्यांनी थोडं आठवून सांगितलं, "नाही. पाऊस होता. नुसते पंखे आणि दिवे."

म्हणजे तो बरा नव्हताच. त्या दिवशी त्याच्याकडे कुणी कष्टाचं काम मागितलं नव्हतं.

तरीही माझा पहिला संशय चुकला, हे आधीच लिहून ठेवतो. ठरावीक मिनिटांनी बंद पडणं आणि विश्रांतीनंतर सुरू होणं हे ऐकलं की डोक्यात उष्णता येते. इग्निशनची कॉइल तापली की स्पार्क सोडून देते आणि थंड झाली की पुन्हा देते. किंवा पेट्रोलच्या नळीत उष्णतेने वाफ धरते. एसी चालू म्हणजे लोड जास्त, लोड जास्त म्हणजे उष्णता जास्त, असा हिशेबही जुळत होता. मी स्पार्क टेस्टर लावला, मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवला, एसी लावायला सांगितला आणि घड्याळ बघत बसलो. गाडीची दारं-खिडक्या जनरेटरच्या बाजूने बंद, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू, शेडचं शटर पूर्ण वर. हे प्रत्येक वेळी करतो, कारण हा वायू वासाने कळत नाही.

सहा मिनिटं सगळं ठीक. मीटर ५० च्या आसपास. सातव्या मिनिटाला आकडा ४८, मग ५१, मग ४७. आवाज वर-खाली व्हायला लागला. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारा भाग, वेग पडला की थ्रॉटल उघडतो, पण उघडलेल्या थ्रॉटलमधून हवाच जास्त आणि पेट्रोल कमी आलं तर वेग आणखी पडतो, मग सावरतो, मग पुन्हा पडतो. याला आम्ही हंटिंग म्हणतो. त्या क्षणी मी चोकची पट्टी बोटाने किंचित पुढे ढकलली. इंजिन एकदम सुरळीत चालायला लागलं, मीटर ५० वर स्थिरावला. बोट काढलं, पुन्हा धडपड. आणि टेस्टरमधली ठिणगी सगळा वेळ निळी, ठसठशीत. नवव्या मिनिटाला इंजिन थांबलं, तेव्हाही शेवटच्या फेरीपर्यंत ठिणगी दिसत होती.

कॉइल निर्दोष सुटली. चोक हवा अडवतो आणि मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढवतो. तो लावल्यावर इंजिन सुधारतं म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय. मालकांनी तेच म्हणून पंप आणि कार्ब्युरेटर बदलले होते, म्हणजे त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. हात चुकीच्या टोकाला गेला होता.

पेट्रोल कमी पडण्याच्या जागा टाकीपासून मोजायच्या. टाकी अर्ध्याच्या वर होती. हे विचारावंच लागतं, कारण मोटरहोममध्ये जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम आखूड ठेवलेली असते. पाव टाकीच्या आसपास ती उघडी पडते, म्हणजे एसी लावून झोपलात तरी सकाळी पेट्रोल पंपापर्यंत जायला गाडीला पेट्रोल उरतं. या एका गोष्टीने अनेकांचे जनरेटर 'बिघडतात'. टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवून बघितलं, हवा अडल्याने पोकळी होत असेल तर फरक पडला असता. नाही पडला.

मग डब्याची चाचणी. पंपाच्या आत येणारी नळी सोडवली आणि त्या जागी एक मीटरभर नवी नळी लावून तिचं टोक जमिनीवर ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात सोडलं. डबा सायलेन्सरपासून लांब, अग्निशामक हाताशी, आणि हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. एसी लावला. पंचेचाळीस मिनिटं इंजिन एकदाही अडखळलं नाही. उष्णता तीच, लोड तोच, कॉइल तीच, कार्ब्युरेटर तोच. फक्त टाकीपासून पंपापर्यंतची वाट बदलली होती.

मालक म्हणाले, "पण ती लाइन मी स्वतः तपासली आहे. पंपाकडून फुंकर मारली, टाकीत बुडबुडे ऐकू आले. मोकळी आहे. आणि प्रेशरसुद्धा मोजलं, ४ पीएसआय."

मी गेज लावून बघितलं. खरोखर ४ पीएसआय. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला साधारण ३ ते ५ पुरतं, म्हणजे आकड्यात काही खोट नव्हती. खोट मोजण्याच्या पद्धतीत होती. गेज कार्ब्युरेटरकडच्या टोकाला लावून नळीचं तोंड बंद केलं की वाहायला जागाच उरत नाही. अशा वेळी वाट कितीही अरुंद असली तरी पंप थोडा वेळ घेऊन दाब पूर्ण चढवतो. गंजलेल्या जोडावर लोड न घेता मीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो आणि बल्ब लावला की अंधार, तसलाच प्रकार. मला दाब नको होता, धार मोजायची होती.

कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवून मापाच्या काचेच्या भांड्यात सोडलं आणि प्रायमिंगच्या बटणाने नुसता पंप चालवला. आधी डब्यातून घेतलं: तीस सेकंदांत ४०० मिलिलिटर. मग टाकीची लाइन जोडून तेच. पहिल्या तीस सेकंदांत २००. पुढच्या तीस सेकंदांत ९०. त्यापुढे दर तीस सेकंदांना १३-१४. धार डोळ्यांदेखत करंगळीएवढीची सुतळीएवढी आणि सुतळीची थेंबांची माळ झाली. पंपाचा आवाज मात्र वाढत गेला, रिकामा चालल्यासारखा. पंप थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा लावला, तर पुन्हा २०० पासून सुरुवात.

इथे मी कागद घेतला, कारण वहीतल्या मिनिटांचा अर्थ लागायला लागला होता. एसी ओढताना या आकाराचा जनरेटर तासाला दोनेक लिटर पेट्रोल खातो, म्हणजे मिनिटाला ३३ मिलिलिटरच्या आसपास. धार आटून स्थिरावल्यावर लाइन देत होती मिनिटाला २७. दर मिनिटाला तूट सहाची. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत, म्हणजे त्याच्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यात, पन्नासेक मिलिलिटर शिल्लक असते. पन्नास भागिले सहा म्हणजे आठ मिनिटं आणि काही सेकंद. इंजिन आठ मिनिटं शिलकीवर जगत होतं. नुसते पंखे-दिवे असतील तर खर्च तासाला लिटरभर, मिनिटाला १७. जमा २७, खर्च १७, म्हणून त्या पावसाळी दिवशी पन्नास मिनिटं. आता हा हिशेब इतका नेटका आहे की मला स्वतःलाच त्याचा संशय येतो. वाटीतली पातळी खाली गेली की मिश्रण आधीच हलकं पडतं, वाटी कोरडी व्हायची वाट इंजिन बघत नाही, शिवाय एसीचा कॉम्प्रेसर मधून मधून थांबतो. दोन चुका एकमेकींना खाऊन उत्तर जुळलं असेल. पण दिशा पक्की झाली: कुठेतरी असं काहीतरी आहे, जे ओढलं की हळूहळू मिटतं आणि सोडलं की उघडतं.

आणि जे फुंकलं की मोकळं वाटतं.

टाकीच्या माथ्यावर पिकअपच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या, स्टीलच्या तोंडाला रबरी नळीचा एक हातभर तुकडा होता. कंपनीतून आलेला, चौदा वर्षांचा. तिथे पोचायला टाकी खाली घ्यावी लागली. पेट्रोल काढा, जॅक लावा, पट्टे सोडवा, वायरिंगचं कनेक्टर गंजलेलं निघालं ते भिजवत बसा. दोन तास त्यात गेले. नळी हातात आली तेव्हा बाहेरून तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, ना तडा, ना ओल, ना वास. मालकांचा चेहरा पडला. मी नळीच्या पंपाकडच्या टोकाला हाताचा व्हॅक्यूम पंप लावला, दुसरं टोक पेट्रोलच्या भांड्यात. पहिले चार-पाच ओढ सहज. मग दट्ट्या जड झाला, सुई चढली आणि तिथेच बसून राहिली. त्याच टोकातून उलट फुंकलं तर फुंकर आरपार.

मग ब्लेडने ती उभी चिरली. आतला थर बाहेरच्या थरापासून सुटला होता, दोनेक इंच लांब आणि एका बाजूने अजून धरून. ओल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा, फरक इतकाच की हा मऊ होता. पंपाकडे पेट्रोल ओढलं जाताना तो पोपडा उचलला जाऊन नळीच्या पोटात आडवा येई. ओढ थांबली की स्वतःच्या लवचिकतेने मागे भिंतीला चिकटे. पंपाकडून फुंकर मारली की हवा त्याला भिंतीशी दाबून टाके, आणि टाकीत बुडबुडे. मालकांनी केलेली तपासणी खोटी नव्हती. उलट्या दिशेने केलेली होती, एवढंच. जिथून पेट्रोल ओढलं जातं तिथे ओढूनच बघायचं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तो चिरलेला तुकडा दोन्ही बाजूंनी उघडमीट करत उभे होते.

नळ्यांना असं का होतं, तर वय, उष्णता आणि पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या जातीच्या रबराला लवकर फुगवतं आणि थर सोडवतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटरहोममध्ये तेच पेट्रोल नळीत भिजत पडतं. बाहेरचा थर उन्हा-पावसासाठी बनवलेला असतो, तो तगतो आणि आपली फसवणूक करतो. मी पंपापर्यंतची सगळी रबरी नळी बदलली, नुसता तो तुकडा नाही, कारण बाकीचीही त्याच वयाची होती. नळीवर एसएई ३०आर७ किंवा ३०आर९ हे इंधनाच्या नळीचं मानक छापलेलं असल्याशिवाय पेट्रोलला लावत नाही. पाण्याची किंवा हवेची नळी 'चालून जाईल' असं म्हणणारे भेटतात, त्यांची गाडी मी घेत नाही. क्लिपाही बदलल्या. आट्यांच्या पट्टीवाल्या क्लिपा छोट्या नळीला करवतीसारख्या चावतात. गोल कडांच्या, पेट्रोल लाइनसाठीच्या वेगळ्या मिळतात, त्या लावल्या.

धार पुन्हा मोजली. तीस सेकंदांत ३८०, आणि पाच मिनिटांनीही ३८०. एसी लावून दोन तास चालवलं. गाडी गेली.

चौथ्या दिवशी फोन. "पुन्हा तेच."

मला घाम फुटला, खोटं कशाला बोलू. पण मग तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मालक तयार होते. म्हणाले, "तेच म्हणालो, पण तसं नाही. या वेळी खटकन थांबतो. धडपड नाही, काही नाही." वहिनींनी मागून आकडे वाचून दाखवले: तीन मिनिटं, चाळीस, एक, बावीस. "आणि एकदा तर मी पायरीवर पाय ठेवला आणि थांबला."

त्या शेवटच्या वाक्याने काम झालं. आकड्यांना ताल नाही आणि गाडी हलली की थांबतो, म्हणजे वायर. कोडही या वेळी वेगळा होता, ऑइल प्रेशर कमी. डिपस्टिकवर ऑइल भरपूर. नियमाप्रमाणे वाटलं, ऑइल प्रेशरचा स्विच बदलावा. या प्रकरणात पार्ट बदलून काय झालं ते आठवलं आणि हात आवरला. या सेटमध्ये तो स्विच ऑइल कमी पडलं की आपली वायर अर्थ करतो, म्हणजे बॉडीला जोडतो, आणि वायर अर्थ झाली की बोर्ड इंजिन थांबवतो. म्हणजे स्विचला डावलून ती वायर दुसरीकडे कुठे बॉडीला टेकली, तरी परिणाम तोच.

आरसा घेऊन हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, टॉर्च फिरवली. सेटच्या ट्रेच्या कडेवर वायरचं आवरण तांदळाच्या दाण्याएवढं घासलं गेलं होतं आणि आत तांबं चमकत होतं. हार्नेस तिथे लोंबत होता, कारण त्याला धरणारा प्लॅस्टिकचा टाय नव्हता. आणि टाय नव्हता, कारण जुनी नळी काढताना तो मीच कापला होता आणि नवा लावायला विसरलो होतो. कापलेला अर्धा टाय ट्रेमध्ये तसाच पडलेला सापडला.

हे मी मालकांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. वायर जोडली, वर उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली, कडेवर रबरी पट्टी बसवली, टाय दोन लावले. या कामाचा आणि फेरीचा खर्च माझा. मग एसी आणि पाण्याचा हीटर असा ३ किलोवॅटच्या आसपास लोड टाकून तीन तास चालवला. मी स्वतः गाडीत चढलो, उतरलो, मागच्या बंपरवर उड्या मारल्या. मीटर ५० ते ५१ मध्ये राहिला. वहिनींनी वहीत वेळ लिहिली आणि पुढचा रकाना रिकामा सोडला.

जाताना मालकांनी सीटखालून एक खोका काढला. त्यात त्यांनी आधी काढलेला जुना पंप आणि जुना कार्ब्युरेटर होता, फेकायला म्हणून आणलेला. पंप मी बाकावर लावला. प्रेशर ४ पीएसआय, आणि डब्यातून तीस सेकंदांत ४०० मिलिलिटर. कार्ब्युरेटर उघडला तर जेट स्वच्छ, नीडल धारदार. दोन्ही पुसून, पिशवीत बांधून, खोक्यावर 'चालू आहे' असं लिहिलं आणि परत सीटखाली ठेवलं.